रिकामं कव्हर

"चाळीस वर्षं याच जागी आहे ते. जाईल कुठे?" अंगणात उभ्या गाडीच्या स्टिअरिंगखाली चाचपत अल्विन पुटपुटला. त्याच्या उजव्या गुडघ्यापाशी पिस्तुलाचं चामडी कव्हर रिकामंच लटकत होतं.

"गॅरेजवाल्यानं काढून ठेवलं असेल," शेजारच्या सीटवरून हिल्डा म्हणाली. लग्नाला बावन्न वर्षं झाली, तरी नवऱ्याशी खोटं बोलताना तिचे कान अजून लाल होत. पिस्तूल तिनं पिठाच्या डब्यात पुरलं होतं, आणि तीन दिवस घरात पाव भाजला नव्हता.

टेक्सासच्या त्या रस्त्यांवर अल्विन पिस्तुलाशिवाय कधी पेट्रोल भरायलाही गेला नव्हता. आता त्याचा हात सारखा गुडघ्याशी जाऊन रिकामा परत येत होता, आणि दर खेपेला हिल्डाला आपण चोर असल्यासारखं वाटत होतं. मंगळवारी पशुखाद्याच्या दुकानापुढे जे झालं, त्याबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नव्हता. मुलांनाही कळवलं नव्हतं.

"गॅरेजवाल्याला फोन लावू का?" तिनं विचारलं.

"नको. त्या बिचाऱ्याला कशाला त्यात ओढतेस?" अल्विननं गाडीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"हे आणखी काय?"

"हीपण ठेव त्याच्याबरोबर, जिथे लपवलंयस तिथे." मग समोरच्या काचेकडे बघत तो म्हणाला, "मंगळवारी तू दार उघडून आत बसायला लागलीस, तेव्हा ही कोण म्हातारी माझ्या गाडीत शिरतेय, असं वाटलं मला. म्हणून रोखलं ते तुझ्यावर. मी तुला ओळखलंच नव्हतं, हिल्डा."