शेपूट राहिलंय

आमच्या ह्यांची पिकअप इतकी गंजली होती की बसल्या जागी पायाखालचा रस्ता दिसायचा. ह्यांनी बनवलेली कपाटं भाड्याच्या टेम्पोतून जायची, पण गाडी विकायचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "अगं, हत्ती गेला, शेपूट राहिलंय!" पहिल्या वर्षी शेपूट म्हणजे क्लच होता, मग रेडिएटर, मग अख्खं इंजिन.

शेवटी परवा मी म्हटलं, "या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी." ह्यांनी विचार करायला दोन दिवस मागितले. मी दोन मिनिटांत भंगारवाल्याला फोन लावला.

आज तो स्वतःच्या पिकअपला दोर बांधून आमची ओढायला लागला आणि त्याचीच गाडी आमच्या फाटकात आचके देऊन बंद पडली. हे धावत गेले, बॉनेटमध्ये डोकं खुपसलं आणि लग्नातसुद्धा नव्हता इतक्या उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "दादा, बिनधास्त घरी जा. हिचे पार्ट तिला बसतात. शेपूटच राहिलंय!"

भंगारवाला चालत घरी गेला.


लेकीच्या दारी हत्ती झुलावेत, असं माझ्या आईला फार वाटायचं. दोन झुलतायत.