फोटोखालची ओळ

जाहिरातींच्या भडिमाराला कंटाळून भोरच्या उपेंद्ररावांनी अखेर फेसबुकला रामराम ठोकला. कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही अशी एक नवी साइट लेकीने, श्रावणीने, त्यांना शोधून दिली. रोहिडा, तोरणा, राजगड असे बारा वर्षांचे गडांवरचे फोटो तिने तिथं चढवले आणि मगच जुनं खातं कायमचं बंद केलं.

"बघा बाबा, तुमचं एकूण एक आलं."

उपेंद्ररावांनी तोरण्याचा फोटो उघडला. "आणि ह्याच्या खालचं?"

"ते दुसऱ्यांनी लिहिलेलं. ते नाही येत आपल्याबरोबर."

त्यांची बायको मालिनी जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी गडावरून फोटो टाकला, की ती घरून त्याखाली एकच ओळ लिहायची, 'डबा खाल्लात का?' पोळीभाजीचं असं चारचौघांत काय विचारायचं, म्हणून त्यांनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

श्रावणी चहा टाकायला आत गेली, तसं त्यांनी तोरण्याच्या फोटोखाली एकेक अक्षर शोधत लिहिलं,


'हो, खाल्ला. मेथी छान झाली होती.'