चोवीस तासांची पेटी

"ही पेटी चोवीस तास छातीला बांधून ठेवायची," माल-सुन म्हणाली. "उद्या परत द्यायची. मग डॉक्टरीण सांगेल, मी समुद्रात उतरायचं की नाही."

यांग दूक-पालने पेटी हातात घेतली. हृदयाचे ठोके नोंदवणारी, तळहातात मावेल एवढी, पाच वायरी लोंबणारी. सकाळीच बायको एकटी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आली होती. महिनाभर तिची एकच तक्रार चालू होती, छातीत धडधडतं. गेली पन्नास वर्षं ती जेजू बेटाच्या किनाऱ्यावर बुड्या मारून शंखशिंपले काढत होती, आणि बुड्या मारणाऱ्या बायकांच्या सोसायटीचा नियम कडक होता. हृदयात खोट निघाली की पाणी बंद.

"बांध मग."

"बांधीन. आणि खोट निघाली तर? घरात बसून तुमचं तोंड बघू?"

ती भिंतीला टेकून बसली. दूक-पालने तिला असं हातपाय गाळून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "तुमचं हृदय तर बैलाचं. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"आहेच."

"मग एक दिवस तुम्ही बांधा ना. कागद चांगला येईल."

दूक-पाल हसला. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात तो दवाखान्याची पायरी चढला नव्हता. थोरला भाऊ स्वतःच्या पायांनी इस्पितळात गेला आणि शवपेटीतून घरी आला, तेव्हाच त्याने कानाला खडा लावला होता. पण इथे कुठे दवाखान्यात जायचं होतं? त्याने सदरा वर केला. माल-सुनने पाचही चकत्या भराभर चिकटवल्या. सोबत दिलेल्या चित्राकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा संत्र्यांच्या बागेत गेला. दुपारी शिडीवर असताना ते सुरू झालं. छातीत कुणी मुठी आपटाव्यात तसं. मग एकदम सगळं गप्प, आणि डोळ्यांपुढे अंधार. तो शिडी धरून उभा राहिला. हे सहा महिने चालू होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. खाली उतरून तो पालथ्या करंडीवर बसला, सदरा नीट केला आणि आजूबाजूला पाहिलं. बायको पलीकडच्या रांगेत पाठमोरी फळं तोडत होती. तिने काही पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. "तुम्हीही चला," माल-सुन म्हणाली. "एकटीला धीर होत नाही." नाही कसं म्हणणार? तो बाहेरच्या बाकावर बसायच्या बोलीवर गेला, पण तिने दंड सोडला नाही, तशीच आत घेऊन गेली.

डॉक्टरीण तरुण होती. तिने पडद्यावरची वेडीवाकडी रेघ दाखवली.

"ही पेटी ज्या छातीवर होती, ते हृदय आधी बेफाम धावतं आणि मग थबकतं. एका दिवसात सात वेळा. एकदा तर पाच सेकंद. शिडीवर, पाण्यात, कुठेही घात होईल. छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. उशीर नको, आजच मोठ्या इस्पितळात."



"बसवा," माल-सुन म्हणाली. "माझी तयारी आहे."

"अगं, थांब."

"का थांबू? डॉक्टरीणबाई सांगतायत ना."

तो दाराकडे पाहत राहिला. दार चार पावलांवर होतं. त्याला भाऊ आठवला, भावाच्या हातातली कपड्यांची पिशवी आठवली. मग त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. धडधाकट बाईची छाती उगाच चिरणार होते, आणि तीही गुमान चिरून घ्यायला निघाली होती.

"हिला हात लावू नका," तो म्हणाला. "ती पेटी माझ्या छातीवर होती. लबाडी आम्ही केली. न्यायचं तर मला न्या."

डॉक्टरणीने फोन उचलला.

यंत्र बसलं. तिसऱ्या दिवशी दूक-पाल वॉर्डभर फिरत होता, सहाव्या दिवशी जिन्याचे तीन मजले चढून आला आणि धाप लागली नाही. छाती कशी शांत, घड्याळासारखी. खाटेखाटेपाशी थांबून तो गोष्ट सांगे. "मी खरं बोललो म्हणून. नाहीतर हिच्या छातीत यंत्र बसलं असतं, आणि मी शिडीवरून गेलो असतो. एका शब्दात दोन जीव वाचवले."

"वाघच तुम्ही," संत्रं सोलता सोलता माल-सुन म्हणायची. तिच्या हृदयाचीही तपासणी झाली होती, काही निघालं नाही. सोमवारपासून ती पुन्हा पाण्यात उतरणार होती.

घरी जायच्या दिवशी ती टॅक्सी बघायला खाली गेली. दूक-पालने नवा सदरा घातला, आरशासमोर छाती पुढे काढून पाहिली. नर्सने कागदांचं जाड पाकीट आणून दिलं.

"सगळं आहे यात, आजोबा. तालुक्याच्या दवाखान्यातला पहिला कागदसुद्धा."

त्याने चष्मा लावून तोच आधी उघडला. तारीख माल-सुन एकटी दवाखान्यात गेली त्या दिवसाची होती. खाली डॉक्टरणीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं:

"रुग्ण: यांग दूक-पाल, वय एकाहत्तर. सहा महिन्यांपासून वारंवार धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, घरच्यांपासून लपवतो. दवाखान्यात यायला तयार नाही. पेटी पत्नी युक्तीने बांधेल."