दोन इंच आखूड

नवी लोकरीची पँट दोन इंच आखूड झाली, म्हणून हेडमास्तरांनी ती घेऊन सकाळी फिरायला आलेल्या टेलरला तळ्याकाठीच गाठलं. "लोकर आहे सर, वापरून सुटेल," हे टेलरचं ठरलेलं उत्तर. तीस वर्षांत त्यानं स्वतःची चूक कधी कबूल केली नव्हती.

"कमरेला लावून उभे राहा, दाखवतोच तुम्हाला," म्हणत हेडमास्तरांनी पँट त्याच्या हातात कोंबली. लांबून नीट दिसावं म्हणून ते दोन पावलं मागे सरले आणि थेट पाण्यात गेले.

पोहणं दोघांनाही येत नव्हतं आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. टेलर काठावर पालथा पडला. पँटची कंबर त्यानं दोन्ही मुठींत आवळली आणि तिचा एक पाय पाण्यात सोडला.

"धरा सर, लवकर."

"उसवेल हो ही," नाकातोंडात पाणी जात असतानाही हेडमास्तर म्हणाले.

"शिवण माझी आहे. तुम्ही फक्त सोडू नका."

टेलरची कोपरं सोलून निघाली, पण टाका एकही निसटला नाही. हेडमास्तर काठावर आले, खोकले, जरा दम घेतला. टेलरचे डोळे भरून आले होते. आज तरी हा माणूस दोन शब्द चांगले बोलेल, असं त्याला वाटलं.

 

हेडमास्तरांनी उठून ओली पँट कमरेला लावून पाहिली आणि ते म्हणाले, "हा पाय मापात आला. दुसऱ्यासाठी मी परत उतरू, की तुम्ही उतरता?"