पहिली पसंती

माबेलात घराजवळच शाळा होती, तरी मुनिबाने लेकीच्या प्रवेशअर्जात पहिली पसंती दूर अझैब्यातल्या शाळेला दिली. तिथला दहावीचा निकाल नावाजलेला. “जवळची काय वाईट?” मुनिबाचे अब्बा कुरकुरले, मग म्हणाले, “यल्ला, चला, मीच ने-आण करीन हिबाची.” त्यांची दमछाक पाहून मुनिबाने शाळा बदलून मागितली. प्रवेश कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत केला. “अंतर हे कारण नियमात बसत नाही, मॅडम. पसंती तुमचीच होती.” आज त्याच खिडकीत त्याने अब्बांच्या मृत्यूचा दाखला दोनदा वाचला. हिबाला सोडून परतताना त्यांची गाडी उलटली होती. “आता नियमात बसेल,” तो खाली बघत म्हणाला. “फक्त त्यांचं ने-आणीचं कार्ड जमा करा.” तिने कार्ड काढलं. मागे अब्बांचं अक्षर: हिबा, पहिली ब, सुटते दीडला. “उद्या देते,” ती म्हणाली. “आज दीडला फाटकावर दाखवावं लागेल.”