मुठीतला हत्ती

बुद्धिबळाच्या क्लबात घड्याळजींनी व्याह्यांचा राजा कोपऱ्यात गाठला होता. मात द्यायला त्यांनी हत्ती उचलून शेवटच्या घरात ठेवला, पण बोटं काही सुटेनात. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा तो हात परक्याचा असल्यासारखा हत्तीला चिकटून राहिला. व्याही वैतागले. "सोडा की आता. हात सुटल्याशिवाय चाल पुरी होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मारायचंय तर एकदाचं मारा." घड्याळजींना हसून उत्तर द्यायचं होतं, पण जीभ वळेना आणि ओठ एकीकडे ओघळला. व्याह्यांनी ते तोंड पाहिलं आणि पटाशेजारचं घड्याळ थांबवलं. रुग्णवाहिकेतही हत्ती मुठीतच होता. वाटेत बोटं आपोआप सैल पडू लागली, तसे घड्याळजी घाबरले. व्याह्यांनी दोन्ही हातांनी ती मूठ आवळली. "सोडायचं नाही, व्याहीबुवा. हात सुटला, की मी हरलो."