शेवटचा फॉर्म

वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेला तिचा नवरा केटामाइनच्या चौथ्या इंजेक्शननंतर सकाळी आपणहून उठला, घोटून दाढी केली आणि म्हणाला, "चहात साखर घालायला विसरलीस गं." ओट्याला धरून ती घळाघळा रडली.

हॉस्पिटलात चाललेल्या नैराश्यावरच्या त्या प्रयोगाचं सहावं इंजेक्शन झालं, शेवटचा फॉर्म हातात आला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई तिच्या कानाशी लागल्या. त्यांची मुलगीही प्रयोगात होती. "फरक पडला असं लिहिलंत, तर आजपासून सुट्टी. नाही पडला लिहिलंत, तर आणखी सहा इंजेक्शनं. बाहेर कोण देतंय हे आपल्याला?"

"धडधडीत खोटं लिहू?" तिने हे सांगितल्यावर नवरा म्हणाला.

"लिहा. परत तसे भिंतीकडे वळलात, तर माझ्यात आता त्राण नाही हो."

त्याने मुकाट्याने खुणा केल्या. झोप लागत नाही. भूक नाही. जगावंसं वाटत नाही.

सातव्या इंजेक्शनची तारीख येईपर्यंत तो पुन्हा गप्प गप्प होऊ लागला होता. म्हणून त्या दिवशी त्याला अक्षरशः ओढतच ती तासभर आधी पोचली. इंजेक्शनच्या खोलीला कुलूप होतं. नर्स बाहेरच्या खुर्च्या एकात एक रचत होती.

"तुम्हाला फोन नाही आला? प्रयोग बंद केला. चाळीस पेशंट होते, चाळीसच्या चाळीस फॉर्मांवर तेच. कुणालाच फरक पडला नाही."